नाकारलेला अहवाल आणि अडकलेले १,१४० रुपये: मिस्ट्री शॉपरच्या कामातील वादांविषयी

कोपरखैरणे येथील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेले ८ महिने त्या मिस्ट्री शॉपर म्हणून काम करत आहेत, म्हणजे साधा ग्राहक बनून दुकानात जायचे, ठरवून दिलेली खरेदी करायची आणि तिथल्या सेवेचा अहवाल एजन्सीला पाठवायचा. वाशीतील एका कपड्यांच्या दुकानाच्या अहवालात त्यांनी ‘आत गेल्यावर १० मिनिटे कोणीही विचारपूस केली नाही’ असे लिहिले आणि नंतर बोललेल्या विक्रेतीचे नाव दिले. शाखेच्या व्यवस्थापकांनी आक्षेप घेतला, कारण दुकानाच्या कॅमेऱ्यात ती मुलगी चौथ्या मिनिटालाच त्यांच्याशी बोलताना दिसते. एजन्सीने संपूर्ण अहवाल नाकारला आणि भेटीची फी तसेच खरेदीचे १,१४० रुपये अडकले. हे पैसे मिळतील का, असे वाद टाळता येतात का, आणि आपल्यामुळे त्या मुलीला त्रास झाला असेल तर तिला जाऊन सांगावे का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात राहते. ९ वर्षे मी स्वतः अशा भेटी दिल्या आणि पुढे एका एजन्सीसाठी इतरांचे अहवाल तपासले. आमच्याकडे त्या कामाला क्यूसी म्हणतात. त्यामुळे अहवाल नाकारला गेल्याचे दुःख मला ठाऊक आहे आणि तो नाकारण्याची वेळ का येते हेही ठाऊक आहे.

आधी पैशांचे पाहू. नेमून दिलेल्या शाखेत, नेमून दिलेल्या दिवशी आपण गेला असाल आणि ब्रीफमधील (म्हणजे कामाच्या लेखी सूचनांमधील) मर्यादेतच खरेदी करून बिल जोडले असेल, तर ते १,१४० रुपये आपली कमाई नाही. एजन्सीच्या सांगण्यावरून आपण खिशातून केलेला तो खर्च आहे. एका वाक्यावर वाद झाला म्हणून तो परत न देणे मला अन्यायाचे वाटते. तरीही पुष्कळ एजन्सींच्या करारात, अहवाल नाकारला गेल्यास फी आणि परतावा दोन्ही मिळणार नाहीत असे कलम असते, म्हणून नोंदणी करताना ‘मान्य आहे’ म्हणून आपण ज्यावर टिचकी मारली तो करार आधी उघडून वाचा. मग फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर वाद न घालता एक ईमेल लिहा आणि त्यात दोन मागण्या वेगवेगळ्या करा. प्रतीक्षेच्या वेळेबद्दलचे उत्तर आपल्याला सिद्ध करता येत नसेल, तर ते उत्तर गुणांकनातून वगळून बाकीचा अहवाल ग्राह्य धरावा, ही पहिली मागणी. तेही शक्य नसेल तर फी सोडण्यास आपण तयार आहात, परंतु बिलाची रक्कम मिळावी, ही दुसरी. तपासणीच्या टेबलावर बसून मी असे कितीतरी ईमेल वाचले आहेत. जे सिद्ध होत नाही ते मान्य करून उरलेले मागणाऱ्या व्यक्तीचा अर्ज पुढे पाठवणे सोपे जाते. ‘कॅमेरा खोटा आहे’ असे लिहिणाऱ्यासाठी मला काहीच करता येत नसे.

कॅमेरा खोटा आहे असे मला वाटत नाही, आणि आपण खोटे लिहिले असेही वाटत नाही. कोणी आपल्याकडे पाहत नाही, आपण हँगरवरचे कपडे उगीच सरकवत उभे आहोत, अशा वेळी ४ मिनिटे १० मिनिटांसारखी वाटतात. अहवालात ५, १० किंवा १५ असा गोल आकडा दिसला की तपासणाऱ्याला कळते की घड्याळ पाहिलेले नाही. ‘सायंकाळी ६:४२ ला प्रवेश केला, ६:४६ ला निळ्या ओढणीतील विक्रेतीने काय पाहिजे असे विचारले’ हे वाक्य कोणत्याही व्यवस्थापकाला सहज खोडता येत नाही. यासाठी मी एक साधी पद्धत पाळते. दारातून आत जाताना, कोणी बोलल्यावर, ट्रायल रूममधून बाहेर आल्यावर आणि बिल हातात पडल्यावर मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच एकेक शब्दाचा संदेश पाठवते. फोनवर काहीतरी टाइप करणारी बाई आज कोणत्याही दुकानात वेगळी दिसत नाही, आणि प्रत्येक संदेशावर वेळ आपोआप उमटते.

पुराव्याबाबत आणखी दोन गोष्टी, कारण त्यांच्यामुळे चांगले अहवालही अडकतात. थर्मल कागदावरचे बिल काही आठवड्यांत पुसट होते, म्हणून दुकानाबाहेर पडताच त्याचा सरळ, पूर्ण फोटो काढावा. आणि तो फोटो एजन्सीला व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवू नये, कारण तसे पाठवताना त्यातील वेळ आणि ठिकाण यांची नोंद निघून जाते. मूळ फाइल पोर्टलवर चढवावी किंवा ईमेलला जोडावी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. माझ्या अनुभवात जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ एकच निघते: पाहिलेली गोष्ट लिहायच्या जागी आपल्याला काय वाटले ते लिहिलेले असते. ‘विक्रेता उद्धट होता’ हे मत झाले. ‘मी किंमत विचारल्यावर त्याने फोनवरून नजर न उचलता टॅगवर लिहिले आहे असे सांगितले’ हे निरीक्षण झाले, आणि ते वाचणारा स्वतःच ठरवू शकतो. हा फरक लेखनशैलीपुरता नाही. उद्धट या शब्दावर व्यवस्थापक आक्षेप घेईल, आपल्याकडे उत्तर नसेल, आणि त्या मुलाचा महिन्याचा इन्सेन्टिव्ह आपल्या एका विशेषणावर कापला जाईल.

कधीकधी मत आपले नसते, प्रश्नपत्रिकेतच दडलेले असते. नौपाड्यातल्या एका साडीच्या दालनाचे काम माझ्याकडे होते. ‘विक्रेत्याने स्वागताचे वाक्य उच्चारले का?’ असा प्रश्न होता आणि शेजारी इंग्रजी ‘गुड ईव्हिनिंग, वेलकम’ असे नमुना वाक्य दिलेले होते. तिथल्या काउंटरवरच्या प्रौढ बाईंनी मला पाहताच ‘या ताई, बसा, पाणी देऊ का?’ असे म्हटले, गादीवरची जागा मोकळी केली आणि लग्नाची खरेदी आहे की घरची ते विचारले. मी ‘होय’ असे उत्तर दिले. तपासणाऱ्याने ते बदलून ‘नाही’ केले, कारण नमुन्यातले वाक्य उच्चारले गेले नव्हते. मी लेखी आक्षेप घेतला, बाईंचे शब्द जसेच्या तसे देवनागरीत लिहून त्यांचा अर्थ दिला, आणि ठाण्यात नऊवारी किंवा पैठणी पाहायला आलेल्या बाईचे याहून चांगले स्वागत कसे असते हे मला दाखवून द्यावे, असे विचारले. तीन आठवडे गेले. मात्र उत्तर मान्य झाले आणि पुढच्या फेरीच्या प्रश्नपत्रिकेत ‘कोणत्याही भाषेत’ असे शब्द आले. प्रश्नपत्रिका बहुधा दूरच्या शहरातल्या कार्यालयात तयार होते, आणि आपल्या भागातले बोलणे तिथल्या माणसाला समजावून सांगणे हा आपल्या कामाचाच भाग आहे असे मी मानते. त्या बाईंना आपल्यामुळे शून्य गुण मिळाले असते, आणि का मिळाले हे त्यांना कधीच कळले नसते.

याच कारणासाठी गर्दीची नोंद करावी. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सायंकाळी राम मारुती रोडवरच्या दुकानात दोन विक्रेत्यांसमोर नऊ ग्राहक असतील, तर तो आकडा लिहा. त्याच दुकानात मंगळवारी दुपारी गेले तर चहासुद्धा मिळतो. प्रश्नपत्रिकेत गर्दीचा रकाना नसला तरी शेरा लिहायला जागा असते. माणसाचे वर्णन करतानाही उंची, चष्मा, गणवेश, नावाची पट्टी एवढेच पुरे. रंग, बोलण्याची धाटणी, ‘गावाकडचा वाटला’ असले काही अहवालात येऊ देऊ नका. अशी वर्णने मी तपासताना नेहमी खोडली आहेत.

नवी मुंबईत काम करणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे आणि ती नवख्या शॉपरला हमखास गाठते. इथे प्रत्येक नोडला, म्हणजे वाशी, ऐरोली अशा प्रत्येक उपनगराला, स्वतःचे सेक्टर आहेत, त्यामुळे सेक्टर १७ म्हटले की ते वाशीचेही असते आणि ऐरोलीचेही. एजन्सीच्या यादीत कधी फक्त ‘सेक्टर १७, नवी मुंबई’ एवढेच असते. चुकीच्या शाखेचा अहवाल कितीही उत्तम असला तरी तो नाकारलाच जातो, आणि तिथे चूक आपलीच धरली जाते. पत्त्यात नोडचे नाव आणि पिनकोड नसेल तर निघण्यापूर्वी लेखी विचारावे, आणि बिलावर छापलेला शाखेचा कोड ब्रीफमधल्या कोडशी काउंटरवरून हलण्याआधी ताडून पाहावा. घोडबंदर रोडवरच्या किंवा ठाणे-बेलापूर मार्गावरच्या पेट्रोल पंपांचेही असेच होते. एकाच कंपनीचे पंप रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात, दोघांचे मालक वेगळे असतात, आणि नकाशावर ते एकमेकांना चिकटलेले दिसतात.

पंपांचा विषय निघालाच आहे तर त्यातला एक पेच सांगते. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने प्रमाणित केलेले ५ लिटरचे माप असावे लागते, कोणताही ग्राहक त्यात मोजून दाखवायला सांगू शकतो, आणि ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. मात्र स्कूटरवर आलेला साधा ग्राहक हे माप क्वचितच मागतो, आणि ते मागितले की पंपावरच्या सगळ्यांना आपण कोण आहोत याची शंका येते. म्हणून ब्रीफमध्ये ही चाचणी असेल तर ती सर्वांत शेवटी करावी. मीटर शून्यावर असल्याचे दाखवले का, हवा आणि पिण्याचे पाणी आहे का, स्वच्छतागृह उघडे आहे का, हे सगळे आधी पाहून घ्यावे.

ओळखले जाण्याची भीती सर्वांनाच वाटते. आपला चेहरा त्यात फारसा कारणीभूत नसतो. चेकलिस्टमधले प्रश्न त्याच क्रमाने विचारल्यामुळे आपण ओळखले जातो. वॉरंटी, एक्स्चेंज, लॉयल्टी कार्ड आणि तक्रारनोंद या चारही गोष्टी एका दमात विचारणारा ग्राहक मी आजवर पाहिलेला नाही. दुसरे कारण मोबाइल नंबर. काउंटरवर नंबर दिला की आपले नाव त्या साखळीच्या यंत्रणेत जाते, आणि तीन महिन्यांनी सीवूड्सच्या शाखेत ‘पहिल्यांदाच आलेली ग्राहक’ म्हणून उभ्या राहिलात की रोखपाल आपल्याला नावाने हाक मारतो. नंबर द्यायचा की नाही हे ब्रीफमध्ये नसेल तर विचारून घ्यावे. कोणी सरळ ‘तुम्ही ऑडिटला आलात का?’ असे विचारले तर वाद न घालता खरेदी पूर्ण करावी आणि ती गोष्ट अहवालात प्रामाणिकपणे लिहावी. काउंटरवर शेजारणीचा मुलगा किंवा जुनी मैत्रीण दिसली तर भेट तिथेच सोडून एजन्सीला कळवावे. ठाण्यासारख्या शहरात असे घडते, आणि त्यासाठी कोणतीही नीट चालणारी एजन्सी आपल्यावर ठपका ठेवत नाही.

खर्चाबाबतचे दोन वाद मला वारंवार दिसतात. पहिला परतीच्या खरेदीचा. वस्तू घेऊन दोन दिवसांनी परत करायची आणि परतीची सेवा तपासायची, असे काम असते. एजन्सी गृहीत धरते की पैसे परत मिळतील, म्हणून ती फक्त फी देते; पण आपल्याकडची पुष्कळ दुकाने रोख परत न देता ठरावीक मुदतीची क्रेडिट नोट, म्हणजे त्याच दुकानात वापरायची चिठ्ठी, देतात. मग १,५०० रुपयांची चिठ्ठी पर्समध्ये पडून राहते. असे काम घेण्यापूर्वी ‘क्रेडिट नोट मिळाल्यास रक्कम कोण देणार?’ हा एक प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर आल्याशिवाय जाऊ नका. दुसरा वाद हॉटेलमधल्या सेवा शुल्काचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सूचना काढून सेवा शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरवल्या. तरीही कुठे ते लावले गेले आणि त्यामुळे आपले बिल मर्यादेच्या वर गेले, तर वरची रक्कम आपल्या खिशातून जाते. आपण लक्षात राहू या धास्तीने पुष्कळ शॉपर गप्प बसतात. माझे मत असे की शांतपणे ते काढायला सांगावे. आता इतर ग्राहकही ते सांगतात, आणि त्यावर वेटरने काय उत्तर दिले ही अहवालासाठी मोलाची नोंद असते.

एक प्रकारचे काम मी घेत नाही. रोखपाल बिल न देता पैसे ठेवतो का हे पाहण्यासाठी सुट्टे पैसे देऊन सावकाश निघायचे, एवढेच सांगितले असेल तर माझी हरकत नाही. परंतु ‘बिल नको, थोडे कमी करा’ असे आपणच सुचवायचे आणि तो फसला की त्याचे नाव लिहायचे, यात मोहात पाडणारी व्यक्ती आपण असतो. त्या काउंटरवर बहुतेकदा कळवा-मुंब्रा किंवा दिव्याहून गाडीला लटकून आलेला विशीतला मुलगा उभा असतो. अशी दोन कामे मी परत केली, आणि परत करण्याचे कारण लेखी दिले.

मोबदल्याबद्दल थोडक्यात सांगते. मला साध्या भेटीला २०० ते ५०० रुपये मिळत आले आणि पैसे ४५ ते ६० दिवसांनी येत. प्रवास त्यातच. रिक्षाचे किमान भाडेच २६ रुपये असताना एका भेटीसाठी ठाण्याहून खारघर गाठणे परवडत नाही. ट्रान्स-हार्बर रेल्वेमार्गावरच्या तीन-चार भेटी एका दिवसात बसत असतील तरच मी निघते. सर्व एजन्सी मिळून माझे किती पैसे बाहेर अडकू द्यायचे याची मर्यादा मी स्वतःला घालून घेतली आहे, आणि ती गाठली की जुने पैसे येईपर्यंत नवी खरेदी करत नाही. आपणही अशी मर्यादा ठरवावी. देयकात फी आणि खर्चाचा परतावा वेगवेगळे दाखवायला सांगा, नाहीतर खर्च केलेल्या पैशांवरही टीडीएस (आधीच कापला जाणारा प्राप्तिकर) कापला जातो. काम वाढले तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, आधीच करून ठेवावी, कारण २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास व्याज मागता येते. हजार-बाराशे रुपयांसाठी तो मार्ग कोणी धरत नाही, पण ईमेलमधला त्याचा उल्लेख वाचला जातो. आणि जो कोणी नोंदणी शुल्क मागेल, किंवा टेलिग्रामवर ‘टास्क’ देऊन आधी पैसे भरायला सांगेल, तो या व्यवसायातला नाही. त्यात पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

राहिला तिसरा प्रश्न, आणि आपण तो विचारलात याचे मला मोल वाटते. त्या मुलीला जाऊन सांगू नका. आपण गोपनीयतेच्या अटीवर सही केली आहे, शिवाय एक अनोळखी बाई येऊन असे सांगते म्हटल्यावर ती गोंधळेल, आणि व्यवस्थापकांना ते कळले तर तिच्याबद्दल नवीच शंका निर्माण होईल. पण काहीच करायचे नाही असेही नाही. एजन्सीला जो ईमेल आपण पाठवणार आहात त्यात पैशांच्या मागणीच्या आधी हे लिहा, की प्रतीक्षेचा काळ आपण घड्याळ न पाहता लिहिला होता, ४ मिनिटांची दुकानाची नोंद आपल्याला मान्य आहे, आणि त्या विक्रेतीच्या वागण्याबद्दल आपली काहीही तक्रार नाही; तिने कोणते कपडे दाखवले, माप कसे बदलून आणले, हे जे चांगले घडले असेल तेही तपशिलाने लिहा. ही दुरुस्ती शाखेपर्यंत पोहोचवावी अशी विनंती शेवटी स्पष्ट शब्दांत करा.

माझ्या हातून एकदा याहून मोठी चूक झाली होती. ठाण्यातल्या एका दुकानात एकाच नावाच्या दोन मुली होत्या. माझ्याशी तुटक बोललेली मुलगी एक होती. आडनाव मात्र मी दुसरीचे लिहिले, कारण बिलावर तेच छापलेले होते. अहवाल मंजूर झाला, फीही जमा झाली. महिन्याभराने घरच्या खरेदीसाठी त्या दुकानात गेले तेव्हा दोघींच्या पट्ट्या शेजारीशेजारी दिसल्या आणि माझ्या लक्षात आले. त्याच रात्री मी एजन्सीला लिहिले. त्यांनी ती फी पुढच्या देयकातून वळती केली आणि दोन महिने मला त्या साखळीचे काम दिले नाही. शाखेला दुरुस्तीचे पत्र गेल्याचे मात्र त्यांनी मला ईमेलने कळवले, आणि तो ईमेल मी अजून जपून ठेवला आहे.